हात लावण्याआधी

नंदकलीला रोज सकाळी आजारी पडायला जायचं असे. भात खाऊन, पायात कापडी बूट सरकवून ती घरातून निघायची, दोन गल्ल्या ओलांडून भरतपूरच्या काठमांडूकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरच्या त्या चार मजली इमारतीचे जिने चढायची, तिसऱ्या मजल्यावर दम खायची आणि मग पांढऱ्या चादरीच्या खाटेवर आडवी होऊन दुपार टळेपर्यंत अर्धांगवायू झालेली जपानी म्हातारी व्हायची. डावी बाजू लुळी. उजवा हात चालतो, पण कापतो. ऐकायला कमी. मधूनमधून विसरभोळी. हे सगळं भोजराज सरांनी ठरवून दिलेलं होतं, आणि नंदकलीच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी जाताना जिना उतरतानाही ती डावा पाय ओढायची. मग लक्षात आलं की स्वतःशीच चुकचुकायची आणि सरळ चालायला लागायची.

इमारतीत खाली मोमोचं दुकान होतं. पहिल्या मजल्यावर ऑस्ट्रेलिया, दुसऱ्यावर कोरिया, तिसऱ्यावर जपान. चौथ्यावर एक फोटोवाला बसायचा, तो तिन्ही देशांना चालणाऱ्या मापाचे फोटो काढून द्यायचा. जिन्यात जिकडे तिकडे हसणाऱ्या मुलींची पोस्टरं. गळ्यात मफलर, मागे बर्फ. उन्हाळ्यात इथलं डांबर वितळून चपलेला चिकटतं, तरी पोस्टरवर आपला बर्फच. नंदकलीला त्या मुलींचा राग यायचा. "एवढे दात दाखवण्यासारखं काय आहे गं तिकडे?" असं ती दुसऱ्या मजल्यावरच्या एकीला रोज विचारायची, आणि दम लागला की तिच्याच तोंडावर हात टेकून उभी राहायची.

भोजराज सर स्वतः बरीच वर्षं जपानमधल्या एका वृद्धाश्रमात राबून, कंबर मोडून घेऊन परत आले होते. आता ते शिकवत. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं, घास कसा भरवायचा, पाय कसे धुवायचे. वर्गातून निघालेली मुलंमुली थेट तिकडे जात. तिकडे म्हातारे फार झाले आणि तरुण पुरेनात, म्हणून इथले तरुण तिकडे न्यायचे आणि म्हातारे इथेच ठेवायचे, असा सगळा कारभार होता. नंदकलीला तो कळला होता. पटला नव्हता, पण तिला विचारलं होतं कोणी?

सुरुवातीला वर्गात एक प्लास्टिकची बाहुली होती. तिला कशीही आपटा, ती कण्हायची नाही. एका दांडगट मुलाने अंग पुसायच्या नादात तिचा हात खांद्यातून उपटला, तेव्हा सरांनी कपाळ बडवून घेतलं आणि टोलातल्या, म्हणजे आळीतल्या, घरांतून फिरायला लागले. एखादी जिवंत आजी द्या हो, निजायचं तेवढं काम आहे. म्हाताऱ्या सापासारख्या अंगावर आल्या. नंदकलीच्या शेजारची हर्कमाया तर दारातूनच ओरडली, "धडधाकट माणसाने रोगी होऊन निजायचं? यमाला वाटेल आम्हीच निरोप धाडला!"

नंदकली मात्र हो म्हणाली. कोणी कारण विचारलं तर सांगायची, दुधाचा चहा मिळतो आणि डोक्यावर पंखा आहे. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. नवरा जाऊन जमाना झाला होता. थोरला केशव बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियात शिकायला गेला, त्याच्या डोक्यावरचे केस गळाले तरी तो अजून शिकतच होता. धाकटा लोकेन्द्र कतारमध्ये. घरात ती आणि धाकटी सून पवित्रा. शनिवारी सुट्टीच्या दिवशी पवित्रा तिच्या डोक्याला तेल लावायची, तेवढाच काय तो माणसाचा हात अंगाला लागायचा. खाटेवर मात्र दिवसभर हात लागत. ऊन पाण्याचा फडका पोटऱ्यांवरून फिरे, कोणी मानेखाली हात घालून उठवे, कोणी केस विंचरे. सगळं खोटं, सगळं दुसऱ्याच कोणाच्या आईसाठी चाललेलं. पण अंगाला ते कुठे कळतंय?

आणि एक गोष्ट होती, जिचं तिला आधी हसू आलं होतं. भिंतीवर सरांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे आधी आजीच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं, काय करणार ते सांगायचं, चालेल का असं विचारायचं, आणि आजी 'हाइ' म्हणजे हो म्हणाली की मगच पुढे. पहिल्या दिवशी एका मुलीने वाकून विचारलं, "आजी, आता तुम्हाला उजव्या कुशीवर वळवते. चालेल का?" तशी नंदकली इतकी हसली की खाट हलायला लागली.

"अगं, मला डोलीत कोंबलं तेव्हा नाही कोणी विचारलं, आणि कुशीवर वळवायला विचारतेस होय?" मग सरांकडे वळून, "सर, ही पद्धत आपल्याकडे कधी यायची?"

"आमा, आधी या पोरांना तिकडे तर पोचू द्या," सर म्हणाले. आमा म्हणजे आई; वर्गात सगळे तिला तेच म्हणत. "येताना घेऊन येतील."

कोणी परत आलं नाही, पद्धत कुठून यायची. पण हळूहळू नंदकलीला त्या प्रश्नाची चटक लागली. दिवसभर कोणी ना कोणी तिच्या तोंडासमोर तोंड आणून विचारी, चालेल का? ती दर वेळी जरा थांबे, खरोखर विचार केल्यासारखं करी आणि मग ऐटीत म्हणे, "हाइ."

एकेक तुकडी तयार होऊन निघायची. जाण्याच्या आदल्या दिवशी पोरं न चुकता तिच्याकडे येत, कारण घरातल्या मोठ्यांनंतर टिळा लावून घ्यावा असं माणूस म्हणजे खाटेवरची आमा. दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून ती एकेकाच्या कपाळावर दाबून बसवायची, कानामागे दुर्वा खोचायची, पुटपुटायची. पुढे महिनाभर फोनवर बर्फाचे फोटो येत. मग येईनासे होत. ती कोणाला दोष देत नसे. दमलेली मुलं आहेत, तिकडे खऱ्या म्हाताऱ्या उचलायच्या असतात. पण तीही दमली होती. निरोप देऊन देऊन माणूस किती दमतं हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. घरी येऊन ती नुसती ओट्यावर बसून राही आणि पवित्रा शिवणाच्या दुकानातून परतेपर्यंत दिवासुद्धा लावत नसे.

मंसिरात, म्हणजे मार्गशीर्षात, भाषेचा वर्ग आटोपलेली नवी तुकडी आली. थंडी पडायला लागली होती, नारायणी नदीवरचं धुकं सकाळी उशिरापर्यंत रस्त्यात रेंगाळे. वर्गात सगळ्यांनी एकसारखे निळे एप्रन घातलेले, तोंडाला मास्क. नंदकली डोळे मिटून पडली होती. एकेक जण येऊन तिला उठवून बसवून परत निजवत होता. मग एक हात तिच्या मानेखाली आला, हलकेच, आणि त्याच्या तर्जनीचं टोक मानेला खरखरीत लागलं. सुई टोचून टोचून बोट असं होतं. दर शनिवारी केसांच्या मुळाशी तेल जिरवताना तेच बोट तिला असंच लागे.

"आजी," मास्कमागून जपानीत आवाज आला, "आता तुम्हाला उठवून बसवते. चालेल का?"

नंदकलीने डोळे उघडले. निळ्या एप्रनच्या वर, मास्कच्या वर, पवित्राचे डोळे होते.

"दुकान बंद पडलं वाटतं," नंदकली म्हणाली.

पोरं खुसखुसली. भोजराज सरांना वाटलं, आमाने आज विसरभोळी म्हातारी काढली. ते खूश झाले. "झकास, आमा! तिकडे असंच होतं, कुठलं तरी जुनं दुकान आठवतं. पवित्रा, चिडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. शांतपणे उत्तर दे."

"दुकान आहे, आजी," पवित्रा म्हणाली. "मीच सोडलं."

"कधी?"

"दसैंच्या सणाआधी."

"आणि मला रोज सांगत होतीस की लग्नाचे ब्लाउज आलेत म्हणून उशीर होतो."

"वा!" सर म्हणाले. "लिहून घ्या सगळे. आजी काहीही बोलली तरी आवाज चढलेला नको. बघा, हिचा हात कसा जागेवर आहे."

हात जागेवर होता, पण बोटं मानेत रुतली होती, आणि ते फक्त नंदकलीच्या मानेला कळत होतं. "चालेल का, आजी?" पवित्राने पुन्हा विचारलं. वर्गासमोर तमाशा नको म्हणून नंदकली "हाइ" म्हणाली आणि उठून बसली.

घरी चुलीपाशी दोघी समोरासमोर बसल्या. गुंद्रुकची, म्हणजे आंबवलेल्या पाल्याची, आमटी उकळून उकळून आटत आली तरी उतरवायचं कोणाला सुचेना.

"लोकेन्द्रला माहीत आहे?"

"सांगितलं. म्हणाला, आमाला विचार."

"मग विचारलंस का नाही?"

पवित्रा आगीत काटक्या सारत राहिली. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," ती शेवटी म्हणाली. "आणि तुम्ही नाही म्हटल्यावर माझ्याच्याने पाय उचलला नसता. म्हणून नाही विचारलं."

"म्हणजे गुपचूप शिकायचं आणि एक दिवस बॅग घेऊन दारात उभं राहायचं."

"बाकीच्यांनी काय केलं, आमा? थोरल्या केशवदाइंनी विचारलं होतं? यांनी विचारलं होतं? तिकीट काढून आणलं आणि सांगितलं. त्यांना तुम्ही टिळा लावलात, माझ्याच बाबतीत का असं?"

"ते गेले तेव्हा घरात कोणी तरी उरत होतं!" नंदकली ओरडली. "तू गेल्यावर कोण उरतं ते मोज एकदा."

पवित्राला एकदम रडू फुटलं. एरवी ती रडणाऱ्यातली नव्हती. "माझं पण बघा ना, आमा. दोन वर्षांनी एकदा महिनाभर माणूस येतो, त्यातले आठ दिवस सासरच्या गोतावळ्यात जातात. मला त्यांचा आवाज पाठ आहे, अंग विसरले मी. लोक विचारतात, अजून मूल कसं नाही. फोनवरून होतं का मूल? तिकडे काही वर्षं काढली की त्यांनाही बोलावता येतं म्हणतात सर. दोघांचं एका घरात एक चूल पेटेल, एवढंच मला हवंय. तुम्हाला सांभाळायला बाई ठेवू आपण."

"बाई कुठून आणणार? टोलातल्या सगळ्या बाया सरांच्या वर्गात बसल्यात."

यावर पवित्रा रडता रडता हसली, आणि नंदकलीलाही हसू आलं, पण ते तिने गिळलं. आमटी करपली होती. दोघींनी ती तशीच खाल्ली.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. शनिवारी तेल लावणं मात्र चुकलं नाही. नंदकली मान खाली घालून बसे आणि मनात कुढे. पवित्रा वाईट असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. तोंडाळ, आळशी, उलट बोलणारी असती, तर जा बाई एकदाची म्हणून टिळा लावून मोकळी झाले असते. ही अशी मिळाली, आणि हीच जायला निघाली.

पौषात भोजराज सर लगबगीने वर्गात आले आणि म्हणाले, वृद्धाश्रमाच्या मालकीणबाई मात्सुदा मॅडम स्वतः येणार आहेत. एकेकाचं काम डोळ्यांनी बघणार आणि त्यातून मोजके लोक निवडणार. "सगळं काम आमावर होणार," ते म्हणाले. "आमा, आता आमची अब्रू तुमच्या हातात."

ते सहज बोलून गेले. नंदकली मात्र चहाचा पेला तसाच धरून बसली. खरंच की. काम खाटेवर होणार, आणि खाटेवर ती असणार. तिने काही बिघडवायचीसुद्धा गरज नव्हती. कण्हायला नको, पडायला नको. विचारल्यावर फक्त गप्प राहायचं. हाइ म्हणाल्याशिवाय उचलता येत नाही, आणि उचलल्याशिवाय काम दिसत नाही. जिना उतरताना ती दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टरपाशी थांबली. "दात काढ तू," ती त्या मुलीला म्हणाली. "बघतेच मी."

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. नंदकलीला वाटलं होतं कोणी तरी उंच टाचांची बाई असेल. ही तर तिच्याच वयाच्या आसपासची, बुटकी, केस पांढरे, एका हाताने कठडा धरून आणि दुसऱ्याने गुडघा दाबत जिना चढून आलेली. तिसऱ्या मजल्यावर तीही दम खायला थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघून मान लववली. नंदकलीला जरा अपराधी वाटलं, पण ती खाटेवर जाऊन पडली.

एकेक जण येऊ लागला. नमस्कार, नाव, प्रश्न, हाइ, उठवणं, पाय खाली सोडणं, खुर्चीत बसवणं. एकाने घाईघाईत तिचं हाइ पुरतं बाहेर पडायच्या आतच तिला उचललं. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर हाताची घडी घालून नुसत्या बघत होत्या. प्रत्येकाचा वेळ संपला की सर टेबलावरची घंटी वाजवत.

मग पवित्रा आली. ती गुडघ्यांवर बसली, डोळ्याला डोळा भिडवला. "आजी, आता तुम्हाला उठवून खुर्चीत बसवते. चालेल का?"

नंदकली छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

पवित्रा थांबली. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जरा सावकाश. भिंतीपाशी रांगेत उभी असलेली पोरं चुळबुळली. सर खोकले. त्या खोकल्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता: आमा, झोप लागली की काय, हाइ म्हणा. नंदकलीने ओठ घट्ट मिटले. लुळी म्हातारी आहे, ऐकायला कमी आहे, गप्प म्हणजे हो असं धरून पवित्राने तिला उचललं असतं तर नंदकली काय करणार होती? तिला वाटत होतं उचलेलच. रागाने का होईना, उचलेल. दाताखाली जीभ धरून ती वाट बघत राहिली.

पवित्राने पुढे केलेले हात मागे घेतले. सरकलेलं पांघरूण नीट केलं, तेही अंगाला बोट न लागू देता. "बरं, आजी," ती म्हणाली, "नको वाटत असेल तर नको. मी इथेच बसते." आणि खाटेजवळचं स्टूल ओढून ती खरोखर बसली. हात मांडीवर. चेहऱ्यावर राग नव्हता, केविलवाणेपणाही नव्हता. शनिवारी तेलाची वाटी घेऊन सासू पाटावर येऊन बसायची वाट बघताना ती जशी बसे, तशीच बसली होती.

हे नंदकलीने अपेक्षिलेलं नव्हतं. ती मान वळवून सुनेकडे बघत राहिली. हे काय करून बसलो आपण, असं तिला वाटलं. हाइ म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सरांच्या टेबलावरची घंटी वाजली आणि वेळ संपला. पवित्रा उठली, वाकून नमस्कार करून रांगेत जाऊन उभी राहिली. सरांचा चेहरा पडला होता. ही त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती.

मात्सुदा मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि खाटेपाशी आल्या. बराच वेळ काही तरी बोलल्या. सर ऐकता ऐकता गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळायला लागला.

"आमा, मॅडम म्हणतायत, आमच्याकडच्या म्हाताऱ्या रोज सकाळी अशाच गप्प बसतात. पोरं घाबरतात आणि ओढून उठवतात. म्हणतायत, या बाईने हात मागे घेतला, तो मी बघितला. बाकी कोणाचं मग ठरवू म्हणतायत, ही मला आधी हवी." सरांनी डोळे पुसले. "आणि तुमचे आभार मानतायत. इतकं हुबेहूब कोणी केलेलं त्यांनी बघितलं नाही म्हणे."

आणि ती पांढऱ्या केसांची बाई खरोखरच नंदकलीसमोर कमरेतून वाकली. नंदकलीने जन्मात एकदा डाव टाकला, आणि तोही उलटा पडला. पडल्या पडल्या ती उजवा हात उचलून नमस्कार करायला गेली, तर तो खराच कापत होता.

घरी जाताना धुकं होतं. दोघी मोठा रस्ता ओलांडून गल्लीत वळल्या. मग पवित्रा म्हणाली, "मुद्दाम गप्प बसलात ना?"

"हो."

"कळलं होतं मला."

"मग उचललं का नाहीस? हातचं गेलं असतं ना सगळं."

"तुम्ही हाइ म्हणाला नव्हतात," पवित्रा म्हणाली, आणि तिने रस्त्यातला खड्डा दाखवला. "इथून या, तिकडे चिखल आहे."

फागुनात निघायचा दिवस उजाडला. दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या तांब्याच्या घागरी, त्यांत फुलं. शकुनाला दही, उकडलेलं अंडं, केळी. गल्लीच्या तोंडाशी काठमांडूला जाणारी मायक्रोबस उभी होती, तिच्या टपावर आणखी कोणाकोणाच्या बॅगा चढत होत्या. हर्कमाया सकाळीच येऊन बसली होती, कारण मुहूर्तानंतर घरात बाईमाणूस एकटं नको. तिनेच टिळ्याचं ताट पुढे केलं. नंदकलीने टिळा लावला, दुर्वा खोचली, झेंडूची माळ घातली. पवित्रा पायावर डोकं ठेवून उठली.

आता वळेल आणि चालू लागेल. नंदकलीला पुढचं पाठ होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर एकदा मागे बघतात, हात हलवतात, मग बसचं दार सरकून बंद होतं.

पवित्रा वळली नाही. खांद्यावरची बॅग तिने खाली ठेवली, नव्या कोटाला माती लागायची पर्वा न करता उंबऱ्यापाशी गुडघे टेकले आणि ओट्यावर बसलेल्या सासूच्या डोळ्यांना डोळे भिडवले. या वेळी जपानीत नाही, घरच्या बोलीत म्हणाली, "आमा, मी निघते. चालेल का?"

वर्गात हा प्रश्न तिने इतक्या तोंडांतून ऐकला होता. इथे, या ओट्यावर, तो तिला कधी कोणी विचारला नव्हता. ना बापाने, ना नवऱ्याने, ना पोरांनी.

बसने हॉर्न वाजवला.

"अगं हो म्हण की," हर्कमाया म्हणाली. "मुहूर्त टळतोय."

नंदकली गप्प होती. पवित्रा उठून उंबऱ्यावर बसली. हात मांडीवर. आणि नंदकलीला स्वच्छ कळलं की ही सरावाची खाट नव्हे. आपण अशाच बसून राहिलो तर ही पोर खरंच जाणार नाही. बस निघून जाईल, ही कोट काढून खुंटीला अडकवेल आणि आत जाऊन भात लावेल. रुसणारसुद्धा नाही. संध्याकाळी दोघी चुलीपाशी बसू, शनिवारी ही तेल लावील. त्यासाठी आपल्याला काही करायचं नाही. नुसतं काही न करता बसायचं आहे, आणि आता आपण इतक्या दमलोय की तेवढंच एक काम आपल्याला झेपण्यासारखं आहे.

पवित्राच्या कपाळावरचं दही ओघळून भुवईपर्यंत आलं होतं. ती ते पुसत नव्हती.

"हाइ," नंदकली म्हणाली. आवाज फुटलाच नाही.

"ऐकू नाही आलं, आमा."

"हाइ म्हटलं ना! बहिरी झालीस काय? तिकडे म्हाताऱ्या पुटपुटतात, कान उघडे ठेवत जा. ऊठ, कोटाची माती झटक."

पवित्राने माती झटकली नाही. तिने सासूचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तेवढं मात्र तिने न विचारता केलं. मग बॅग उचलून ती चालू लागली. गल्लीच्या तोंडाशी तिने मागे बघितलं, हात हलवला. बसचं दार सरकून बंद झालं.

घागरीतलं पाणी अजून हिंदकळत होतं. हर्कमायाने ताट बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या सवयीने नंदकलीच्या दंडाला धरून तिला उठवायला लागली. "चल, आत चल. गार वारं सुटलंय."

नंदकलीने दंड सोडवून घेतला. "आधी विचार."

"काय विचारू?"

"हात लावायच्या आधी विचारायचं असतं."

हर्कमायाने तिच्याकडे बघितलं. एरवी ती काही तरी टोमणा मारल्याशिवाय राहिली नसती. पण ती गुडघे धरत, कण्हत कशीबशी खाली वाकली. "बरं बाई. तुला आत नेते. चालेल का?"

नंदकलीने बराच वेळ विचार केला.

"नको," ती म्हणाली. "आत्ता नको."

हर्कमाया तिच्या शेजारी ओट्यावर बसली.